पडद्यावर त्यांचे, मनात आपले : फ्रेंच चित्रपट, गटचर्चा आणि आपण कुवेतकर

कुवेतमधील आपल्या घरांत फ्रेंच भाषा बहुधा मुलांच्या दप्तरातून येते. शाळेत दुसरी भाषा निवडायची वेळ आली की शेजारीपाजारी, मित्रमंडळी एकच सल्ला देतात, "फ्रेंच घ्या, मार्क चांगले पडतात." मुले क्रियापदांची रूपे घोकतात, परीक्षा देतात, मार्कही मिळवतात आणि दहावीच्या निकालाबरोबर ती भाषा कपाटात जाऊन पडते. त्या भाषेत कोणी रडते, भांडते, आईला पत्र लिहिते, याचा पत्ता ना मुलांना लागतो ना पालकांना.

दर वर्षी मार्च महिन्यात मात्र या भाषेचा उत्सव जगभर होतो आणि त्याचे पडसाद आखातातही उमटतात. २० मार्च १९७० रोजी आफ्रिकेतील नायजर देशाच्या नियामे या राजधानीत फ्रेंचभाषक देशांनी एक करार केला. तो दिवस पुढे फ्रेंचभाषकांचा दिवस ठरला. त्या निमित्ताने वकिलाती, संस्था आणि विद्यापीठे फ्रेंच भाषेतील चित्रपट दाखवतात. त्यात फ्रान्सचे असतात तसे लेबनॉन, ट्युनिशिया, मोरोक्को, सेनेगल, बेल्जियम आणि कॅनडाचेही असतात. विद्यापीठांतील महोत्सवांची एक खास रीत आहे. चित्रपट संपला की दिवे लागतात, पण लोक उठून जात नाहीत. आठ-आठ, दहा-दहा जणांचे गट करून बसतात आणि पाहिलेल्या गोष्टीवर तासभर बोलतात.

आपण मराठी मंडळी अशा ठिकाणी सहसा फिरकत नाही. फ्रेंच आपल्याला येत नाही, हे विद्यार्थ्यांचे किंवा 'आर्ट फिल्म' वाल्यांचे काम, अशी आपली समजूत असते. या लेखाचा हेतू ही समजूत थोडी हलवण्याचा आहे. फ्रेंच चित्रपट आणि त्यानंतरची चर्चा यांच्याशी मराठी माणसाचा संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि हा संबंध नेहमी एकाच तऱ्हेने जुळत आला आहे : पडद्यावर दुसऱ्याची गोष्ट दिसली आणि पाहणाऱ्याला आपली आठवली.

एक रुपयाचे तिकीट

पॅरिसच्या ग्रँड कॅफेत लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून चित्रपट दाखवले. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, तोच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. लुमिएरचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियाकडे निघाला होता आणि वाटेत मुंबईला उतरला होता. तिकीट होते एक रुपया. गाडी स्टेशनात शिरते, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, अशी एकेका मिनिटाची ती हलती चित्रे. आठवड्याभरात हा खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला. तिथे दर चार आण्यांपासून सुरू झाले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय केली गेली. म्हणजे चित्रपट हॉटेलातून रस्त्यावरच्या माणसापर्यंत यायला आपल्याकडे आठ दिवससुद्धा लागले नाहीत.

ते खेळ पाहून मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डन येथील कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून यश घेऊन परतले, त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. तंत्र फ्रान्सचे, पण कॅमेऱ्यासमोर लगेच आपली कुस्ती आली आणि आपले रँग्लर आले.

पुढची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, पण तिच्यातला फ्रेंच धागा सहसा सांगितला जात नाही. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. तो चित्रपट म्हणजे अ‍ॅलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेने १९०६ साली गोमाँ कंपनीसाठी केलेला चित्रपट, असे पुष्कळ ठिकाणी नोंदवलेले आहे. जगातील पहिल्या दिग्दर्शिकांपैकी ती एक. फाळक्यांनी पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिले, की ख्रिस्त डोळ्यांसमोरून सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ, अयोध्या अशी चित्रे उभी राहत होती. नंतर ते पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा त्या खेळाला गेले. पाहिलेल्या चित्रपटावर घरात बोलणे झाले, त्यातून बेत ठरला, विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. नवराबायकोच्या त्या बोलण्याला 'गटचर्चा' असे भारदस्त नाव कोणी दिले नाही, इतकेच.

अडखळत बोलणारा माणूस

फाळके नाशकात चित्रपट काढत होते त्या काळात फ्रान्समध्ये प्रेक्षकाला गंभीरपणे घेण्याची चळवळ सुरू होत होती. लुई देलुक या पत्रकार-दिग्दर्शकाने जानेवारी १९२० मध्ये 'ल झूर्नाल द्यु सिने-क्लब' नावाचे नियतकालिक काढले आणि 'सिने-क्लब' हा शब्द रूढ झाला. सायकलस्वारांचा क्लब असतो, गिर्यारोहकांचा असतो, तसा चित्रपट पाहणाऱ्यांचा का नसावा, अशी साधी कल्पना. १९३६ मध्ये आँरी लांग्ल्वा आणि त्याच्या मित्रांनी 'सिनेमातेक फ्रांसेज' स्थापन केले. बोलपट आल्यावर मूकपट रद्दीच्या भावाने जात होते. त्यांचा संग्रह करून ते पुन्हा पुन्हा दाखवणे हे त्यांचे काम.

पण चर्चेला खरे रूप दिले ते आंद्रे बाझँ याने. बाझँला शिक्षक व्हायचे होते. तो बोलताना अडखळे, म्हणून शिक्षकाच्या नोकरीची दारे त्याला बंद झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच माणूस प्रोजेक्टर घेऊन कारखान्यांत, कामगारांच्या सभागृहांत आणि शाळांत जाऊ लागला. चित्रपट दाखवायचा आणि मग श्रोत्यांशी बोलायचे, हा त्याचा क्रम होता. ज्याला वर्गात बोलू दिले नाही त्याने हजारो लोकांना चित्रपटाविषयी बोलते केले. एप्रिल १९५१ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर 'काहिए द्यु सिनेमा' हे मासिक सुरू केले. त्याच्या आधाराने वाढलेला फ्रांस्वा त्रुफो हा उनाड मुलगा पुढे दिग्दर्शक झाला. नोव्हेंबर १९५८ मध्ये, चाळिशीतच, बाझँ वारला. १९५९ मध्ये त्रुफोचा पहिला मोठा चित्रपट 'द फोर हंड्रेड ब्लोज' (इंग्रजी नावाने आपण तो ओळखतो) कान महोत्सवात गाजला. तो त्याने बाझँच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की चर्चा हा चित्रपटाला लावलेला शेपटीवजा कार्यक्रम नव्हता. बाझँच्या श्रोत्यांत गिरणी-कारखान्यांतले लोक होते. त्यांना 'कला' समजावून सांगण्यापेक्षा, त्यांनी काय पाहिले ते त्यांच्या तोंडून काढून घेणे त्याला महत्त्वाचे वाटे.

कलकत्ता, मुंबई, पुणे

हे लोण भारतात आले ते स्वातंत्र्याच्या वर्षीच. ऑक्टोबर १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९४९ मध्ये झाँ रन्वार हा थोर फ्रेंच दिग्दर्शक 'द रिव्हर' च्या तयारीसाठी कलकत्त्यास आला. जाहिरात कंपनीत नोकरी करणारे तरुण राय सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर बंगालच्या खेड्यांतून हिंडत. परक्या माणसाने आपल्या तळ्याकडे, केळीच्या झाडाकडे, पाणवठ्यावरच्या बायांकडे कसे पाहावे हे त्यांनी जवळून पाहिले. त्यानंतर सहा वर्षांनी 'पथेर पांचाली' आला.

डिसेंबर १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा फेडरेशन झाला. राय अध्यक्ष होते आणि संयुक्त चिटणीसांत एक मराठी बाई होत्या, विजया मुळे. त्यांचा जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्नानंतर पाटण्यास गेल्या, तिथून शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये लीड्सला गेल्या आणि तेथील फिल्म सोसायटीत चित्रपट पाहण्याची गोडी घेऊन परतल्या. परतल्यावर पाटण्याच्या आणि पुढे दिल्लीच्या फिल्म सोसायटीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. लुई माल हा फ्रेंच दिग्दर्शक १९६७-६८ मध्ये भारतात चित्रीकरण करत होता, तेव्हा त्याच्याशी त्यांचा स्नेह जडला. मालची 'फँटम इंडिया' ही माहितीपटमाला बीबीसीने दाखवल्यावर भारत सरकार इतके रागावले, की १९७० मध्ये बीबीसीचे दिल्लीतील कार्यालय बंद करावे लागले. परक्याने दाखवलेले आपले चित्र पाहणे किती जड जाते, याचा तो नमुना. मुळेबाईंचे नाव ज्यांना आठवत नाही त्यांना 'एक, अनेक और एकता' हा १९७४ चा छोटा चित्रपट नक्की आठवेल. दूरदर्शनवर आपल्यापैकी कित्येकांचे बालपण त्यावर गेले. तो त्यांचाच. २०१९ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

महाराष्ट्रात या चळवळीचे घर झाले पुणे. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी संग्रहालयासाठी रिळे जमवली, तर सतीश बहादूर यांनी रसास्वादाचे वर्ग घेतले. 'पथेर पांचाली' चे एकेक दृश्य थांबवून, मागे-पुढे नेऊन ते शिकवीत. पुण्याच्या उन्हाळ्यातील त्या रसास्वाद शिबिरांतून शिक्षक, डॉक्टर, बँकेतील कारकून, गृहिणी असे नाना तऱ्हेचे लोक चित्रपट पाहायला शिकून गावोगावी परतले. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्यांनी ते दशकानुदशके चालवले. १९८५ मध्ये पुण्यात आशय फिल्म क्लब सुरू झाला.

या सोसायट्यांना चित्रपट कुठून मिळत? मोठा आधार परदेशी वकिलातींचा होता. रिळांचे डबे टॅक्सीतून येत, एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेने जात. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरची सूट असे. त्या सूटीच्या मोहाने काही मंडळी सभासद होत आणि अपेक्षित दृश्ये न आल्यास मध्यंतरात निघून जात, हेही खरे. जे बसून राहत त्यांच्यापुरती मात्र दृष्टी बदलत गेली. मणी कौल यांच्यावर रॉबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ठसा होता. कुमार शहानी फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि १९६९ च्या एका चित्रपटासाठी ब्रेसाँकडे त्यांनी सहायक म्हणून काम केले. आपल्या पिढीच्या जवळचे उदाहरण हवे तर उमेश कुलकर्णी. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या दिग्दर्शकाने पॅरिसच्या 'ला फेमिस' या चित्रपटशाळेतही काही काळ शिक्षण घेतले. त्यांचा २००८ चा 'वळू' पाहताना मात्र कोणाला फ्रान्स आठवणार नाही. गावात सोडलेला वळू, त्याला पकडायला आलेला फॉरेस्ट अधिकारी आणि गावकऱ्यांचे राजकारण, सगळे अस्सल इथले. बाहेरून घेतलेले चांगले पचले की ते असे दिसेनासे होते.

मनीऑर्डर, सेनेगलची आणि कोकणची

आता थोडे आफ्रिकेकडे वळू, कारण फ्रेंच भाषेतल्या चित्रपटांपैकी कुवेतकरांना सर्वांत जवळचे वाटतील असे चित्रपट तिथे झाले आहेत.

फ्रेंच वसाहतींत चित्रीकरण करायचे तर सरकारची परवानगी लागे. १९३४ च्या एका हुकुमाने तसा नियमच केला होता. त्यामुळे आफ्रिकी माणूस पडद्यावर दिसे, पण कॅमेऱ्यामागे नसे. ही कोंडी फोडणाऱ्यांत सेनेगलचे उस्मान सेम्बेन (१९२३-२००७) अग्रेसर. त्यांनी मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून ओझी वाहिली, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, आणि मग एक साधा हिशेब केला : आपल्या देशात बहुतेकांना वाचता येत नाही, मग पुस्तके कोणासाठी लिहायची? चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकले. चित्रपटाला ते लोकांची रात्रशाळा म्हणत आणि आपले चित्रपट घेऊन गावोगाव जाऊन, दाखवून, लोकांशी बोलत.

१९६६ च्या 'ला न्वार द...' या तासाभराच्या चित्रपटात दिउआना ही तरुण मुलगी डाकारहून फ्रान्सला एका कुटुंबाकडे कामाला जाते. मुले सांभाळायची एवढेच तिला ठाऊक असते. प्रत्यक्षात स्वयंपाक, धुणे, झाडलोट सारे तिच्यावर पडते आणि समुद्रकाठचे ते सुंदर शहर तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते तेवढेच. तिच्या आईचे पत्र येते. तिला वाचता येत नाही, म्हणून मालक वाचून दाखवतो, आणि तिच्या वतीने उत्तरही स्वतःच लिहू लागतो. ती ते फाडून टाकते. शेवट सांगत नाही, पण तो सुखाचा नाही. एका वर्तमानपत्रातील छोट्या बातमीवरून सेम्बेन यांनी ही कथा लिहिली होती. त्याच वर्षी ट्युनिशियात कार्थेज महोत्सव सुरू झाला. तो सुरू करणारे ताहर शेरिया हे ट्युनिशियातील सिने-क्लबांच्या फेडरेशनचे पुढारी. पहिल्या महोत्सवाचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. पॅरिसच्या सिने-क्लबाची रीत अरब देशात अशी रुजली आणि तिने एका आफ्रिकी मोलकरणीची गोष्ट डोक्यावर घेतली.

१९६८ च्या 'मांदाबी' ची गोष्ट तर कोकणी माणसाला भाषांतराशिवाय कळेल. पॅरिसचे रस्ते झाडणारा पुतण्या डाकारला काकांना २५,००० फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो : २,००० काकांना, ३,००० आईला, बाकी २०,००० त्याच्यासाठी ठेवायचे. बातमी गल्लीत पसरते. दुकानदार उधारी वाढवतो, शेजारी हात पसरतात, मशिदीतले ओळखीचे लोक घरी येतात. पैसे अजून पोस्टातच असतात. ते सोडवायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्मदाखला हवा, फोटो हवा, साहेबाची ओळख हवी. एकेका खिडकीवर काकांचा मान आणि पैसा दोन्ही झिजत जातात. सिव्हिल आयडीशिवाय ज्याचे पान हलत नाही अशा कुवेतमध्ये या गोष्टीवर टीप द्यायची गरज नाही.

आपल्याकडे १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली आणि रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतची घरे तिच्यावर उभी राहिली. मुंबईच्या गिरणीतल्या चाकरमान्याचे पैसे आले की पोस्टमन ओटीवर बसे, चहा घेई, कधी पत्रही वाचून दाखवी. नंतर तेच पैसे दुबई-कुवेतहून ड्राफ्टने येऊ लागले आणि आता एक्स्चेंज कंपनीच्या काउंटरवरून किंवा मोबाइलवरून काही मिनिटांत जातात. पाठवणाऱ्याला वाटते पैसे पोचले म्हणजे काम झाले. पोचल्यानंतर गावच्या घरात काय काय घडते, कोणाची उधारी फिटते, कोणाचा रुसवा निघतो, म्हातारे वडील कोणाकोणाला नाही म्हणू शकत नाहीत, हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. 'मांदाबी' ती न दिसणारी बाजू दाखवतो.

आणखी एक गोष्ट. सेम्बेन यांच्या 'ला न्वार द...' मधली दिउआना मनातल्या मनात फ्रेंच बोलते, जी तिची भाषा नव्हेच. 'मांदाबी' मात्र त्यांनी वोलोफ या आपल्या लोकांच्या भाषेत केला आणि पैसा फ्रान्सचा असल्याने एक फ्रेंच आवृत्तीही केली. फ्रेंच चित्रपटांच्या महोत्सवातच मातृभाषेचा प्रश्न असा उभा राहतो. मुलांशी घरात कोणत्या भाषेत बोलावे यावर वाद घालणाऱ्या आपणांस तो नवा नाही.

'बस, रे समुद्रा'

कुवेतने या परंपरेत स्वतःची भर घातलेली आहे, हे आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. १९५४ मध्ये इथे सिनेमा कंपनी स्थापन झाली. पुढे कुवेत विद्यापीठ १९६६ मध्ये सुरू झाले आणि १९७० च्या दशकात कुवेत सिनेमा क्लब निघाला. १९७२ मध्ये खालिद अल सिद्दीक या तरुणाने 'बस या बहर' हा कुवेतचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. नावाचा अर्थ 'बस, रे समुद्रा'. सिद्दीक यांचे शालेय शिक्षण भारतात झालेले. ऑस्करच्या परदेशी भाषा विभागासाठी कुवेतने पाठवलेला हा पहिला चित्रपट.

गोष्ट तेलापूर्वीच्या कुवेतची आहे. मोती काढणारे पाणबुडे हंगामाआधी उचल घेत आणि ती फिटत नसे. कर्ज पुढच्या हंगामावर, कधी पुढच्या पिढीवर जाई. बोटीचा प्रमुख 'नोखदा'. आपल्या कोळ्यांचा 'नाखवा' हा त्याच शब्दाचा भाऊ. चित्रपटात शार्कच्या हल्ल्याने अधू झालेला बाप मुलाला समुद्रावर जाऊ नको म्हणतो. मुलगा प्रेमापोटी, पैशासाठी जातो. मोती मिळतो, मुलगा परत येत नाही. आई तो मोती समुद्रात फेकून देते.

ते मोती विकले कुठे जात? मुंबईच्या बाजारात. कुवेतची गलबते खजूर घेऊन आपल्या किनाऱ्याला येत आणि मलबारचे सागवान घेऊन परत जात. इथला व्यवहार रुपयांत चाले. १९६१ मध्ये दिनार आला तेव्हा एका दिनाराला १३ रुपयांहून थोडे अधिक पडत. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी आणि १९२९ नंतरच्या मंदीने हा धंदा बुडवला. १९३८ मध्ये बुरगाणला तेल लागले आणि १९४६ मध्ये ते निर्यात होऊ लागले. म्हणजे ज्यांच्याकडे आपण नोकरीला आलो त्यांच्या आजोबांनी उचल, कर्ज, घरापासून चार-चार महिने दूर राहणे हे सारे भोगलेले आहे. 'बस या बहर' पाहिल्यावर स्थानिक माणसाकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. असा चित्रपट त्यांच्याबरोबर बसून पाहिला आणि नंतर बोलणे झाले तर ते किती मोलाचे होईल!

मग आपण काय करावे?

आपल्या केरळी शेजाऱ्यांनी आखाताचे आयुष्य साहित्यात आणि पडद्यावर आणले आहे. बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' ही कादंबरी २००८ ची, तिच्यावरचा चित्रपट २०२४ चा. मामुटीचा 'पत्तेमारी' २०१५ चा. त्या तोडीची मराठी कलाकृती चटकन आठवत नाही. मराठी माणूस आखातात कमी आला म्हणून असे झाले असे म्हणता येईल. दुसरे कारण असे, की आपण इथल्या जगण्याविषयी एकत्र बसून फारसे बोलतच नाही. गणपती, कोजागरी, दिवाळी पहाट, नाटके, सर्व हौसेने करतो आणि ते करावेच. पण त्या सगळ्यांत आपण मागे सोडलेले घर असते, चालू असलेले घर नसते.

म्हणून एक सूचना मांडतो. मंडळाने वर्षातून चार संध्याकाळी अशा ठेवाव्यात. पहिली 'मांदाबी' ची, दुसरी 'ला न्वार द...' ची, तिसरी 'बस या बहर' ची आणि चौथीचा चित्रपट शाळेत फ्रेंच शिकणाऱ्या मुलांनी निवडावा. संवादांचा अर्थही त्यांनीच अधूनमधून सांगावा. घोकलेल्या क्रियापदांचा त्यांना कधी नव्हे तो उपयोग होईल.

खेळानंतर आठ-दहा जणांचे गट करावेत आणि एका घरातील माणसे वेगवेगळ्या गटांत बसवावीत. नवऱ्यासमोर बायको, बापासमोर मुलगा मोकळेपणी बोलत नाही, हे आपण जाणतो. पहिल्या फेरीत प्रत्येकाने एवढेच सांगावे, की मनात राहिलेले एक दृश्य कोणते. 'आवडला, नाही आवडला' हे शब्द तेवढ्यापुरते बाहेर ठेवावेत. दुसऱ्या फेरीत विचारावे, की या चित्रपटात कोणाला बोलायची संधी मिळाली नाही. तिसऱ्या फेरीत आपल्या घराकडे यावे.

ही तिसरी फेरी सोपी जाणार नाही. 'ला न्वार द...' नंतर आपल्याच घरांतील मदतनीस बायांचा विषय निघेल. कुवेतच्या २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगारांना आठवड्याला एक सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम आणि वर्षाला भरपगारी रजा दिलेली आहे. आपल्या फ्लॅटमध्ये ती सुट्टी खरोखर मिळते का, हा प्रश्न त्या संध्याकाळी विचारला जाईल आणि विचारला जावा. 'मांदाबी' नंतर कोणी तरी सांगेल, की वीस वर्षे पैसे पाठवले पण भाऊ आता बोलत नाही. कोणी म्हातारे, मुलाकडे राहायला आलेले, सांगतील की पैसे घेणाऱ्यालाही अपमान सोसावा लागतो. शेजारी बसलेल्याला ते ऐकताना आपली मनीऑर्डर आठवेल.

गटात ती मदतनीस बाईही असावी, असे माझे मत आहे. सुट्टीच्या दिवशी, तिची इच्छा असेल तर, पाहुणी म्हणून. ती कोणत्या भाषेत बोलेल ती बोलो, आपल्यापैकी कोणाला तरी ती समजेलच. मालकाने तिच्या वतीने पत्र लिहायचे नाही, एवढे पथ्य त्या दिवशी पाळले तरी सुरुवात चांगली होईल.